मांजरांचा ल्युकेमिया : सोबत आणि निरोप

(वर्तकनगर, ठाणे येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि इथेच म्हाडाच्या जुन्या इमारतीत, तळमजल्यावर, मांजरं सांभाळली. आज जे बोलणार आहे, ते मन्या आणि सोनी या दोघांमुळे शिकले.

सोनी पावसाळ्यात जिन्याखाली सापडली. मी तिला उचललं, कोरडं केलं आणि त्याच संध्याकाळी मन्याच्या ताटलीत जेवायला घातलं. मन्या तेव्हा पाच वर्षांचा होता. त्यानं तिला चाटून चाटून स्वच्छ केलं आणि आम्ही कौतुकानं फोटो काढत बसलो. धोका त्या चाटण्यातच होता, हे नंतर कळलं.

सात महिन्यांनी सोनीनं खाणं सोडलं. हिरड्या पांढुरक्या पडल्या. डॉक्टरांनी रक्ताचे दोन थेंब पट्टीवर टाकले आणि थोड्या वेळात रेघ उमटली. फेलाइन ल्युकेमिया.

माझ्या मनात पहिला प्रश्न आला, की ल्युकेमिया हा तर रक्ताचा कर्करोग, तो संसर्गानं कसा होईल? नेमक्या याच कोड्यातून हा विषाणू सापडला. ग्लासगोमध्ये एकाच घरातल्या अनेक मांजरांना लिम्फोमा झालेला दिसला. विल्यम जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला आणि १९६४ साली त्यामागचा विषाणू दाखवून दिला.

हा रेट्रोव्हायरस आहे. म्हणजे तो पेशीत शिरतो आणि स्वतःची जनुकं मांजराच्या डीएनएमध्ये घालून ठेवतो. पाहुणा म्हणून येत नाही, सातबाऱ्यावर नाव चढवून घेतो. म्हणूनच तो मुळापासून काढणारं औषध आज नाही. नावात ल्युकेमिया असला तरी प्रत्येक मांजराला कर्करोगच होतो असं नाही. पुष्कळांना रक्तक्षय होतो, किंवा प्रतिकारशक्ती ढासळून साधे आजारही हटत नाहीत.

पण पट्टीवर रेघ उमटली म्हणजे सगळं संपलं, असंही समजू नका. काही मांजरं विषाणूला हुसकावून लावतात. काहींच्या शरीरात तो दबून राहतो आणि पुढे कधीतरी उसळूही शकतो. उरलेल्यांच्या रक्तात तो सतत फिरत राहतो, त्यांचा आजार वाढत जातो. लहान पिल्लं बहुधा या तिसऱ्या गटात जातात, मोठी मांजरं जास्त तग धरतात. त्यामुळे काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी करतात, गरज पडली तर पीसीआरही. सोनीची दुसरी तपासणीही पॉझिटिव्ह आली. मन्याच्या दोन्ही निगेटिव्ह.

मग बातमी जिन्यात पसरली. "आमच्या मुलांना होईल का?" असं एका शेजारणीनं विचारलं. तिचा प्रश्न रास्त होता. उत्तर आहे, नाही. माणसाला होत नाही, कुत्र्यालाही नाही. लाळेतून, एकमेकांना चाटण्यातून, चावण्यातून, एका ताटलीतून आणि आईकडून पिल्लांना, असा तो मांजराकडून मांजराकडे जातो. शरीराबाहेर तो फार टिकत नाही, साबणानंही मरतो.

दुसरे एक काका म्हणाले, "येऊरला सोडून या, जंगलात जगेल बिचारी." मंडळी, हे कृपा करून कधीही करू नका. एक तर आजारी मांजर तिथे जगत नाही. दुसरं म्हणजे येऊर हा राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे बिबटे आहेत. अमेरिकेत फ्लोरिडातल्या प्यूमांमध्ये हाच विषाणू पाळीव मांजरांकडून गेला आणि त्यात काही प्यूमा दगावले. आपल्या घरातला आजार डोंगरावर नेऊन सोडायचा नसतो.

सोनी घरीच राहिली. बाल्कनीला कबुतरांसाठी लावतात ती जाळी लावून घेतली. ताटल्या वेगळ्या, मातीचे ट्रे वेगळे. कोळणीकडची मांदेली कच्ची देणं बंद केलं, कारण प्रतिकारशक्ती कमी असली की कच्चं मांस-मासे बाधतात. उकडून, काटे काढून द्यायचे. दर रविवारी वजन. झोपलेली असताना मिनिटाला श्वास किती, ते मोजायचं. साधारण तिसाच्या आत असावेत, सतत चाळीसच्या वर गेले तर दवाखाना गाठायचा.

सगळ्यात अवघड होतं ते दोघांना वेगळं ठेवणं. वन-रूम-किचनमध्ये वेगळं म्हणजे काय, तर मधलं दार लावायचं. मन्या दाराच्या फटीत पंजा घालून बसायचा, पलीकडे सोनी. अनेकदा वाटलं, उघडावं दार. उघडलं नाही. मन्या आज निगेटिव्ह आहे, तरी ते दार अजून माझ्या डोळ्यासमोर येतं.

आजार वाढत जाणारी बहुतेक मांजरं निदानानंतर सुमारे तीन वर्षांच्या आत जातात. सोनीला सोळा महिने मिळाले, आणि त्यातले बरेच चांगले गेले. उन्हात लोळणं, पडद्यावर चढणं, सगळं केलं तिनं.

शेवट कधी करायचा, हे कोणी सांगत नाही. मी कालनिर्णयवर दुधाचा खाडा मांडतो तसे तिचे दिवस मांडले. आज खाल्लं का? स्वतःला चाटलं का? हाक मारल्यावर कान वळवला का? तिन्हीला "नाही" आलं की खाडा. एका आठवड्यात पाच खाडे झाले, तेव्हा मी डॉक्टरांना फोन केला. इंजेक्शन देताना तिचं डोकं माझ्या तळहातावर होतं. मी घाई केली का, असं लोक विचारतात. मला वाटतं, दोन दिवस उशीरच केला.

नंतर सगळे म्हणतात, मांजरच तर होतं, दुसरं आणा. आणा जरूर. विषाणू घरात रेंगाळत नाही, ताटल्या-ट्रे धुतले की झालं. पण नवीन पिल्लू आधी वेगळं ठेवा, रक्त तपासा, पुन्हा तपासा, मगच ताटली जवळ न्या. आपल्याकडे नेहमी दिली जाणारी तिहेरी लस यासाठी नसते. ल्युकेमियाची लस वेगळी असते, ती मिळेल का ते डॉक्टरांना विचारा. लागण झालेल्या मांजराला मात्र तिचा उपयोग नाही.

मला हे आधी माहीत असतं, तर सोनी वाचली नसती. बहुधा ती आजार घेऊनच आली होती. पण मन्याला मी त्या संध्याकाळी नकळत पणाला लावलं. तो वाचला, यात माझं कर्तृत्व काही नाही. तुमच्या मांजराला नशिबावर सोडू नका, एवढंच.

आता प्रश्न विचारा.