आईची गोळी आणि हाडांची दारं

आईने बीपीची गोळी बंद केली होती. तब्बल अकरा दिवस. आणि घरात कुणाला पत्ता नाही!

झालं असं, की पावसात सोसायटीच्या पायऱ्यांवरून घसरून तिचं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर हाडांची घनता मोजणारी डेक्सा टेस्ट केली. टी-स्कोअर उणे २.७. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ. घरी येऊन तिने आपल्या सगळ्या गोळ्यांची नावं मोबाईलवर टाइप केली. अ‍ॅम्लोडिपिनपुढे लिहिलेलं, कॅल्शियम चॅनल ब्लॉकर. संपलं!

"अगं, कॅल्शियमच अडवते ही मेली. मग हाडं राहतील कशी?"

तिला चूक म्हणावं तर उत्तर मलाही येईना. मास कॉमची डिग्री अशा वेळी काही कामाची नसते.

बाराव्या दिवशी तिचं डोकं गरगरायला लागलं. बीपी निघालं १८० बाय १००. फॅमिली डॉक्टरांनी आधी तिला झापलं, मग मला, आणि मग कागदावर एक गोल काढला. ही पेशी. तिच्या भिंतीत बारीक दारं, म्हणजेच चॅनल्स. दार उघडलं की कॅल्शियम आत शिरतं, आणि पेशीच्या दृष्टीने तो एक निरोप असतो. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूला तो मिळाला की स्नायू आवळतो. अ‍ॅम्लोडिपिन तेवढं दार लोटून धरते, नळी सैल पडते, बीपी उतरतं. जेवणातलं कॅल्शियम ती अडवत नाही. हाडांच्या पेशींनाही अशी दारं असतात हे खरं. पण या गोळीने माणसांची हाडं झिजतात असं सिद्ध झालेलं नाही.

आईचं समाधान झालं. मला मात्र चैन पडेना.

आपल्या अंगात साधारण एक किलो कॅल्शियम असतं, त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. आणि हाड म्हणजे कायम चालू असलेलं बांधकाम! ऑस्टिओक्लास्ट पेशी जुनं हाड पोखरतात, ऑस्टिओब्लास्ट नवं रचतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, पोखरणाऱ्यांना आवर राहत नाही. आईचं तेच झालं. आतड्यातही कॅल्शियमसाठी टीआरपीव्ही-६ नावाचं एक दार आहे. ते व्हिटॅमिन डीच्या हुकमावर चालतं. डी कमी असेल तर नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या किती लागू पडणार?

पण मला खरी हलवून गेली ती पिएझो-१ची गोष्ट. आर्डेम पाटापुटियन यांच्या टीमने २०१० मध्ये हे चॅनल शोधलं. स्पर्शाच्या आणि दाबाच्या या संशोधनासाठी २०२१ मध्ये त्यांना नोबेल विभागून मिळालं. हे दार उघडतं दाबाने. चालताना, जिने चढताना हाडांवर भार येतो, पिएझो-१ उघडतं, कॅल्शियम आत जातं आणि पेशीला कळतं की इथे मजबुती हवी. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ज्या उंदरांच्या हाडांच्या पेशींतून हे चॅनल काढून टाकलं, त्यांची हाडं कमजोर निघाली आणि भार देऊनही पुरेशी वाढेनात. अंतराळात भारच नाही, त्यामुळे अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का घटू शकतं.

हे सगळं मी वाचलं बीनबॅगमध्ये पडून, सलग पाच तास! हाडांची कमाई साधारण तिशीपर्यंतच होते. मी अठ्ठावीस. म्हणजे हातात दोन वर्षं. (पोहणं आवडतं म्हणून खूश होते, पण पाण्यात हाडांवर भार कमीच पडतो.)

आईचं ऑस्टिओपोरोसिसचं औषध सुरू झालंय. फिजिओने तिला वाकून करायचे व्यायाम बंद करायला लावलेत. संध्याकाळी आम्ही दोघी चालायला जातो, येताना तीन मजले जिन्याने. बीपी आता १३० बाय ८० आहे. गोळी मात्र ती अजूनही पाकीट उलटंपालटं करून, नाव वाचूनच घेते.