दगड काय सांगतो?

मागं एका बैठकीत गटातल्या एक मावशी म्हणाल्या, "आम्ही अंगठेवाल्या, आम्हाला काय वाचता येतंय?" आम्ही विचारलं, "देवळाशेजारचा शेंदूर लावलेला दगड आठवतोय का?"

तो दगड म्हणजे वीरगळ. आपल्या फलटण, माण, खटावकडं देवळापाशी, वेशीजवळ असे दगड दिसतात. वीरगळ खालून वर वाचायचा. खालच्या चौकटींत लढाई आणि पडलेला वीर. तिथं गाई कोरल्या असतील, तर गुरं वाचवताना त्याला मरण आलं. त्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. सगळ्यांत वर तो शिवपिंडीची पूजा करतो. शेजारी चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहील. एक अक्षर नाही, तरी गोष्ट पुरी! मावशींनी ती बरोबर सांगितली.

इजिप्त देशात पाच हजार वर्षांपूर्वी चित्रांचीच लिपी झाली. तिच्यात सातशेच्या वर चिन्हं होती. काही चित्रं वस्तू सांगायची, काही नुसता आवाज. घुबड म्हणजे 'म', पाण्याची लाट म्हणजे 'न', तोंड म्हणजे 'र'. पक्षी, माणसं ज्या बाजूला तोंड करून असतील, त्या बाजूनं वाचायला लागायचं. देवळाच्या भिंतीवरचा मजकूर नक्षीसारखा शोभायचा. पुढं ती लिपी वाचणारं कोणी उरलं नाही. १८२२ मध्ये शॅम्पोलियन या फ्रेंच अभ्यासकानं ती उलगडली, ती नावांच्या आधारानं. राजा-राणीचं नाव लांबट कड्यात कोरलेलं असे. त्यांतलं एक नाव होतं राणी क्लिओपात्राचं. बाईच्या नावाशेवटी बसलेल्या बाईचं चित्रही काढत.

आता आपली सतीशिळा बघा. कोपरात वळलेला हात आणि त्यात बांगड्या. नवऱ्यामागं ती सती गेली, एवढं कळतं. पण बहुतेक शिळांवर तिचं नाव नाही. ती कुणाची लेक, तिला कुणी विचारलं होतं का, हे दगड सांगत नाही.

म्हणून गटाच्या वहीत 'अमक्याची बायको' असं आम्ही लिहू देत नाही. मावशींना आम्ही म्हटलं, "अक्षर म्हणजेही चित्रच. रांगोळी काढता, तसं नाव काढा." तीन बैठका लागल्या. परवा कर्जाच्या कागदावर शाईची डबी पुढं आली, ती त्यांनी बाजूला सारली आणि पेन मागितलं.

तुमच्या गटात अजून कुणाचा अंगठा आहे? पुढच्या बैठकीला पाटी-पेन्सिल घेऊन जा.