कायदा, शेजारी आणि सेंट्रेलियाचा संस्थापक

मनुष्याची योग्यता जन्मावरून ठरवावी कीं कृतीवरून, हा वाद आमच्या इकडे जुना आहे. पण तो केवळ आमचाच नव्हे. अमेरिकेच्या वायव्य टोंकास वॉशिंग्टन संस्थानांत सेंट्रेलिया नांवाचें शहर आहे. त्याच्या संस्थापकाचें चरित्र आमच्या व्यापारी वाचकांनीं अवश्य लक्षांत घ्यावें.

त्याचें नांव जॉर्ज वॉशिंग्टन. मात्र हा त्या राष्ट्राचा पहिला अध्यक्ष नव्हे. १८१७ सालीं व्हर्जिनियांत जन्मलेल्या या मुलाचा बाप आफ्रिकी वंशाचा गुलाम, व आई गोरी. बाप लवकरच दुसरीकडे विकला गेला, आणि आईनें मूल कॉक्रन नांवाच्या गोऱ्या जोडप्याच्या स्वाधीन केलें. त्यांनीं तें पोटच्या मुलाप्रमाणें वाढविलें. १८५० सालीं हें कुटुंब गाड्यांतून ओरेगॉन प्रांतीं निघालें.

तेथें जमीन विपुल; पण काळ्या माणसास तिचा हक्क देण्यास कायदा तयार नव्हता. स्कूकमचक व चेहेलिस नद्यांच्या संगमाजवळ राबला जॉर्ज, आणि ६४० एकरांचा दाखला निघाला कॉक्रन यांच्या नांवें! १८५३ सालीं वॉशिंग्टन हा निराळा प्रांत झाला. पुढें जॉर्जनें तीच जमीन रीतसर विकत घेतली. १८७२ सालीं त्या जमिनीवरून आगगाडी गेली. १८७५ सालीं त्यानें व त्याच्या पत्नीनें, मेरी जेन हिनें, तेथें गांव आंखलें. घरांच्या जागा अल्प किंमतीस विकल्या. देवळास व स्मशानास जागा फुकट दिल्या.

१८९३ सालीं अमेरिकेंत व्यापार बुडाला, पेढ्या बंद पडल्या. अशा वेळीं शेजाऱ्यांचीं घरें मातीमोलानें पदरांत पाडून घेणें त्यास सहज शक्य होतें. त्यानें उलट गाड्या भरभरून पीठ, तांदूळ व साखर आणविली, बिनव्याजी कर्जें दिलीं, आणि कोणाच्या घरावर जप्ती आणली नाहीं. १९०५ सालीं तो वारला, तेव्हां सारें गांव शोकांत बुडालें.

महात्मा फुले यांनीं १८७३ सालीं आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेंतील गुलामांची मुक्तता करणाऱ्या सज्जनांस अर्पण केला होता. त्यानंतर दोनच वर्षांनीं, एका गुलामाच्या मुलानें तेथें शहर वसविलें, हा योग विचार करण्यासारखा आहे.

जॉर्जच्या काळीं कायदा वाईट होता. पण कॉक्रन यांच्यासारखीं माणसें त्याच्या आड उभीं राहिलीं. आमच्या येथें १९५० पासून राज्यघटनेनें अस्पृश्यता नष्ट केली आहे. कायदा चांगला आहे. तरीही खोली वा गाळा भाड्यानें देतांना आडनांव विचारणारे आणि तें ऐकतांच ‘जागा गेली’ म्हणणारे मालक आमच्या पेठांत आहेतच. ते एका माणसास परत पाठवितात असें त्यांस वाटतें. वस्तुतः कोणता उद्योग, कोणती पेढी व कोणता संकटकाळचा सोबती ते दारांतून हांकलून देतात, याचा हिशेब कोणत्याच वहींत निघत नाहीं. तो आमच्या वाचकांनीं स्वतःच्या मनाशीं तरी एकदां मांडावा.