गोव्यातील जनमत कौल
गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की केंद्रशासित प्रदेश म्हणून ठेवावा, हे ठरविण्यासाठी १६ जानेवारी १९६७ रोजी घेण्यात आलेले मतदान. संविधानात सार्वमताची तरतूद नसल्याने संसदेने १९६६ मध्ये त्यासाठी खास अधिनियम केला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० व विरोधात १,७२,१९१ मते पडली.

प्रचारात वादाचा रोख प्रशासनाच्या प्रश्नावरून धर्म, जात व भाषा यांकडे वळला आणि प्रतिपक्षाच्या निष्ठेविषयीच शंका घेतल्या जाऊ लागल्या. ‘गोमंतक’ व ‘राष्ट्रमत’ ही दोन मराठी दैनिके परस्परविरुद्ध बाजूंनी लढली. विलीनीकरणविरोधी प्रभावी प्रचारही मराठीतून झाला होता, याचा उभयपक्षी पुढे सोयीस्कर विसर पडला.

कौलाने दुही मिटली नाही. मार्च १९६७ च्या निवडणुकीत दयानंद बांदोडकरांचा विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच पुन्हा सत्तेवर आला. विलीनीकरणाचा मार्ग खुंटल्याने तंटा भाषेवर केंद्रित झाला. कोंकणी स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, हा अभ्यासकांचा प्रश्न रस्त्यावर आला. १९८६ च्या आंदोलनात माणसे बळी पडली. १९८७ च्या अधिनियमाने देवनागरी लिपीतील कोंकणी राजभाषा झाली व शासकीय कामकाजात मराठीच्या वापराची तरतूद ठेवण्यात आली. मराठीलाही राजभाषेचा दर्जा देण्याची मागणी त्यानंतरही होत राहिली.