जुनी गाणी, तेव्हाचेच आक्षेप

मिन्स्ट्रेल शो : गोऱ्या नटांनी तोंडाला काळे फासून काळ्या माणसांची टिंगल करण्याचा अमेरिकी रंगमंचीय प्रकार, 1830 नंतर फोफावला. गीतकार स्टीफन फॉस्टरची बरीच गाणी याच मंचावर गाजली. ‘माय ओल्ड केंटकी होम’ (1853) त्यांतलेच; पण त्यामागे ‘अंकल टॉम्स केबिन’ (1852) या गुलामगिरीविरोधी कादंबरीची प्रेरणा होती.

तेव्हाची मोजपट्टी : जुन्या कलाकृतीला आजचे निकष लावू नयेत, असे म्हटले जाते. पण आक्षेप तेव्हाही होते, आणि तेही तारतम्याने घेतलेले. गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी 1848 मध्ये मिन्स्ट्रेल नटांवर जळजळीत टीका केली. 1855 मध्ये मात्र फॉस्टरचे हे गाणे गुलामांविषयी सहानुभूती जागवते, असा निर्वाळा दिला. गाण्यांपलीकडेही हेच दिसते : रहस्यकथा लेखिका अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या 1939 मधील कादंबरीच्या ब्रिटिश शीर्षकात काळ्यांसाठीची शिवी होती. अमेरिकेत ते 1940 मध्येच बदलले. ब्रिटनमध्ये मात्र ते पुढे कित्येक दशके टिकले, म्हणजे ‘त्या काळाचे निकष’ही सगळीकडे सारखे नव्हतेच.

काय बदलले : फॉस्टरचे गाणे 1928 मध्ये केंटकीचे राज्यगीत झाले. 1986 मध्ये तेथील विधिमंडळाने त्यातला काळ्यांना हिणवणारा शब्द अधिकृत गायनातून वगळला. कथानक तेच राहिले : घरापासून दूर, दक्षिणेत विकल्या गेलेल्या गुलामाचे. केंटकी डर्बी या घोडशर्यतीआधी ते आजही गायले जाते.