आतला टाका

सिझेरियननंतर गर्भाशयाला टाकाच घालायचा नाही, असा एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक सर्जनांचा रिवाज होता. बाळ काढलं की गर्भाशय आकसतं आणि जखम आपोआप मिटते, हा समज. शिवाय आत घातलेला टाका पुढे काढणार कसा, ही अडचण. बायका रक्तस्रावाने नाहीतर जंतुसंसर्गाने जात. १८७६ साली इटलीत एदुआर्दो पोर्रो यांनी बाळ काढल्यावर गर्भाशयाचा मोठा भागच काढून टाकला आणि ती बाई वाचली, हीच त्या काळी मोठी मजल. मग १८८२ साली लाइपझिगच्या माक्स झेंगर यांनी चांदीची तार आणि रेशीम वापरून गर्भाशयाची भिंत नीट शिवावी, असं मांडलं. आज सिझेरियन झालेली बाई पुन्हा आई होऊ शकते, त्याची सुरुवात इथे आहे.

पुढचा प्रश्न छेद कुठे घ्यायचा, हा. जुना छेद उभा, वरच्या जाड भागावर असायचा. तिथला स्नायू सारखा आकसत-सैलावत असल्याने टाक्यांवर ताण येतो. १९१६ साली न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन यांनी ‘एकदा सिझेरियन तर पुढेही सिझेरियन’ हा मुद्दा मांडला, तो या उभ्या छेदाच्या दिवसांत. १९२०च्या दशकात ग्लासगोच्या मन्रो कर यांनी खालच्या पातळ भागातला आडवा छेद नेटाने पुढे आणला. तो व्रण जास्त भरवशाचा निघाला. आडव्या छेदानंतर नैसर्गिक बाळंतपणाचा प्रयत्न करणाऱ्या साधारण दोनशे जणींत एकीचा व्रण कळांमध्ये उकलतो. उभ्या छेदात हे प्रमाण शंभरात चार ते नऊ धरतात. टाके एकपदरी की दुपदरी, यावरही खूप वाद झाला. भारतासह सात देशांतल्या सुमारे १६ हजार बायकांच्या ‘कोरोनिस’ अभ्यासात तीन वर्षांनंतरही दोन्हींत ठळक फरक दिसला नाही.

सिझेरियन आता किती सर्रास झालंय ते पाहा. इथे कर्नाटकात २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरात साडेतेवीस बाळंतपणं सिझेरियनने झाली होती. २०१९-२१च्या पाहणीत साडेएकतीस. महाराष्ट्रात याच पाहणीत पंचवीस. म्हणजे हा व्रण आता जवळजवळ प्रत्येक घराण्यात कुणाच्या ना कुणाच्या पोटात आहे.

आणि तरी घरात बोलणं होतं ते वरच्या टाक्यांचंच. ‘टाके सुकले का गं?’ आठवड्याभरात ते सुकतात. आत काय चाललंय? बाळंतपणानंतर किलोभर वजनाचं, बेंबीपाशी लागणारं गर्भाशय दोन आठवड्यांत ओटीपोटात उतरतं आणि सहा आठवड्यांत साठ-सत्तर ग्रॅमवर येतं. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जपतात, अळीव आणि डिंकाचे लाडू खाऊ घालतात, तो काळ याच्याशी बराच जुळतो. पण व्रण तेवढ्यात पुरा होत नाही. विरघळणारा धागा दोन-अडीच महिन्यांत नाहीसा होतो, आणि भिंतीचे थर पूर्ववत दिसायला निदान सहा महिने लागतात. काहींच्या व्रणात खाच राहते. मग पाळी संपल्यावरही डाग पडत राहतात, आणि बाई ते ‘होतंच’ म्हणून सोसते. तिने सोनोग्राफी करून घ्यावी. पुढचा गर्भ राहण्याआधी दोन वर्षांचं अंतर असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि सिझेरियननंतर ते कसोशीने पाळायला हवं.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती कागदाची. नोकरीनिमित्त म्हैसूरला राहणाऱ्या मराठी घरांत पहिलं बाळंतपण माहेरी होतं, कोल्हापूर-सांगलीकडे, आणि दुसरं इथे. डिस्चार्ज कार्ड माहेरच्या कपाटात राहतं. इथल्या डॉक्टरांना पोटावरची आडवी रेघ दिसते. पण त्या रेघेवरून आतला छेद आडवा होता की उभा, हे कळत नाही. ते कार्डावर लिहिलेलं असतं. पहिल्या तपासणीआधी आईला फोन करून त्याचा फोटो मागवून घ्यावा. कार्ड सापडत नसेल तर ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, तिथून ऑपरेशनची नोंद लेखी मागावी आणि त्यात गर्भाशयावरच्या छेदाचा उल्लेख आहे ना, हे तिथेच वाचून पाहावं.