ऑर्डर दिली आणि भाव उतरला



दसरा-दिवाळीचे सेल लागले की आमच्या केंद्राच्या फोनवर एक प्रश्न हमखास येतो. यंदा तो घरघंटीवरून आला. एका बचत गटानं मोबाइलवरून १३,५०० रुपयांना घरघंटी मागवली, पैसेही आधीच भरले. चौथ्या दिवशी गटातल्या एकीच्या मुलीनं सहज पाहिलं, तर तीच घरघंटी, तेच मॉडेल ११,२०० रुपयांना! पार्सल अजून निघालंही नव्हतं. ताईंनी विचारलं, "वरचे २,३०० रुपये आम्हाला परत मिळायला नकोत का? कायदा काय म्हणतो?"

सरळच सांगतो. ऑर्डर दिल्यावर भाव उतरला तर वरची रक्कम ग्राहकाला परत द्या, असं आपल्या देशातला कोणताही कायदा म्हणत नाही. ऐकायला बरं वाटत नाही, पण आठवडी बाजार आठवा. सकाळी चाळीस रुपये किलोनं घेतलेले टोमॅटो दिवस मावळताना वीसवर येतात, म्हणून आपण भाजीवालीकडे वीस रुपये परत मागायला जात नाही. आपण पापड विकतो तेव्हाही गिऱ्हाइकानं असं मागितलेलं आपल्याला चालणार नाही. ज्या भावाला सौदा ठरला, तो भाव. मात्र हे दोन्ही बाजूंना लागू आहे. भाव वाढला म्हणून डिलिव्हरीवाला दारात शंभर रुपये जास्त मागू लागला, तर ते देऊ नका.

एक अपवाद आहे. काही दुकानं स्वतःच जाहीर करतात, की अमुक दिवसांत भाव कमी झाला तर फरक परत देऊ. असं लिहून दिलं असेल तर तो शब्द त्यांनी पाळायलाच हवा. म्हणून खरेदी करतानाच त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. तोंडी सांगितलेलं नंतर कुणालाच आठवत नाही.

मग त्या गटानं काय करायचं? फरक मागत बसण्यापेक्षा जुनी ऑर्डर रद्द करून नवी द्यायची. आपली खरी ताकद पार्सल निघण्याआधीच्या त्या दोन-चार दिवसांत असते. ई-कॉमर्सचे नियम २०२० साली आले. त्यांत म्हटलंय, की ऑर्डर पक्की झाल्यावर ग्राहकानं रद्द केली म्हणून कंपनीला दंड लावता येत नाही. स्वतः ऑर्डर रद्द केल्यावर कंपनीही तसाच दंड सोसत असेल, तरच लावता येतो.

पण घाईनं रद्द करू नका. आधी नीट पाहा, मॉडेल तेच आहे का, विकणारा कोण आहे, वॉरंटी तीच आहे का. कमी दिसणारा भाव कधी एखाद्याच बँकेच्या कार्डावर असतो आणि ते कार्ड आपल्याकडे नसतं. म्हणून पैसे भरायच्या शेवटच्या पानापर्यंत जा. डिलिव्हरीचे, हाताळणीचे, कसले कसले पैसे मिळवून खाली जो आकडा येतो, तोच खरा भाव. आणि रद्द केलेल्या ऑर्डरचे पैसे खात्यात यायला काही दिवस लागतात, हे विसरू नका. गटाकडे दुसरी रक्कम हाताशी असेल तर आधी नवी ऑर्डर द्या, ती पक्की झाली की लगेच जुनी रद्द करा. रक्कम नसेल, तर पैसे परत येईपर्यंत सेल संपेल का, याचा विचार बैठकीत करूनच ठरवा. या गटाकडे रक्कम होती. त्यांनी तसंच केलं आणि ठरावाच्या वहीत दोन्ही ऑर्डरचे नंबर लिहून ठेवले. हे आम्हाला फार आवडलं.

पार्सल निघालं असेल तर? ते दारात आलं की न उघडता 'नको' म्हणता येतं. पैसे आधी भरलेले असतील तर माल परत पोचल्यावर मिळतात. एकदा घेतलं, उघडलं, की मग सगळं परतीच्या अटींवर अवलंबून. मोठ्या यंत्रांना पुष्कळदा फक्त बदलून मिळण्याची सोय असते, पैसे परत मिळत नाहीत. हे घेण्याआधी वाचायचं. चांगल्या वस्तूत खोटी खोट दाखवून परत करा, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. आम्ही तो देणार नाही. पलीकडे माल पाठवणारी कधी कधी आपल्यासारखाच गट चालवणारी बाई असते.

भाव उतरला म्हणून कायदा मदतीला येत नाही, पण काही गोष्टींत नक्की येतो. सांगितलेल्या तारखेनंतर माल आला, तर विकणाऱ्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. पूर आला, रस्ते बंद पडले, असं त्याच्या हाताबाहेरचं कारण असेल तर गोष्ट वेगळी. सदोष, नकली किंवा जाहिरातीत दाखवला त्याहून वेगळा माल आला तरी हेच. पाकिटावर छापलेल्या एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. 'फक्त दोनच शिल्लक' अशी खोटी घाई करणं, न विचारता टोपलीत विमा टाकणं, शेवटच्या पानावर नवे आकार काढणं, या क्लृप्त्यांवर सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये बंदी घातली आहे.

तक्रार करायची ती आधी कंपनीकडे, त्यांच्याच ॲपमधून. प्रत्येक कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्यानं ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि महिन्याभरात तिचा निकाल लावायचा, असा नियम आहे. तिथं दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. त्यानंतरची पायरी म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी बंगळूरची असो नाहीतर दिल्लीची, २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. बिल, ऑर्डरचा नंबर आणि स्क्रीनशॉट एवढं हाताशी असलं की निम्मं काम झालं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सेलच्या दिवसांत असेही फोन येतात : "मॅडम, तुमच्या वस्तूचा भाव कमी झालाय, फरकाचे पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा, पिन टाका." कायद्यानं जो फरक मिळतच नाही, तो द्यायला कुणी अनोळखी माणूस आपणहून फोन करेल का? पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. ओटीपीही सांगू नका, त्यांनी पाठवलेलं ॲप मोबाइलमध्ये घेऊ नका. कंपनीचा नंबरही गूगलवर शोधू नका, तिथं भामट्यांनी आपलेच नंबर टाकून ठेवलेले असतात. नंबर ॲपच्या आतच पाहा. तरीही पैसे गेलेच, तर घरी कोण काय म्हणेल या भीतीनं गप्प राहू नका. त्याच मिनिटाला १९३० वर फोन लावा आणि बँकेलाही कळवा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी फोन पोचला, तर ते अडवता येतात.